तिसरी हाक

"हाक ऐकू आली का कोणाची?" ठाणेदारांनी विचारलं.

"नाई जी," भागरतामावशी म्हणाली.

मग त्यांनी मागच्या घरातल्या पांडू म्हाताऱ्याला विचारलं. तोही नाही म्हणाला. त्याची सून नाही म्हणाली. पलीकडच्या घरची बाळंतीण, जी उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, तीही पदराआडून नाही म्हणाली. आमची टोली इतकी दाटीची, की एका घरी मिरचीची फोडणी पडली तर ठसका तिसऱ्या घरी लागायचा. त्या टोलीत माझी माय भागरतामावशीच्या घराच्या बांबूच्या कुडाला टेकून मरून पडली होती, डोक्याला मागून घाव होता, आणि कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

मी मायच्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. एकेकाचा गळा धरावा असं वाटत होतं, आणि सगळ्यात आधी भागरतामावशीचा.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. बोडीटोला हे माझं माहेर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वसलेली ढिवरांची टोली. पुरुष मासे धरायचे, बाया शिंगाडे काढून बाजाराला न्यायच्या. माझी माय कौतिका दोन्ही करायची, कारण बाप लवकर गेला आणि त्याची होडी, तो डोंगाही तिच्याच हाती आला. मला तिनं गोंदियाकडे दिलं, गिरणीत कारकून असलेल्या मुलाला. एकुलती एक लेक इतक्या लांब का दिली असं कोणी विचारलं तर म्हणायची, जवळ दिली असती तर रोज भांडायला आली असती.

आमच्या टोलीत हाकेचा एक नियम होता. दिवे लागल्यावर दाराशी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर समजायचं, माणूस आहे, आणि दार उघडायचं. कारण तलावात हाकामारी राहते. ती कधीकाळची कोणाची तरी सून. बुडताना तिनं दोन हाका मारल्या, टोलीनं त्या ऐकल्या, पण हातातलं काम टाकून कोणी उठलं नाही, आणि तिसरी हाक मारायच्या आत तिच्या तोंडात पाणी गेलं. तेव्हापासून ती दारोदार फिरते, आपल्या जवळच्या माणसाचा आवाज काढते, पण तिला दोनच हाका मारता येतात. तिला ओ दिला की माणूस संपला. हे आमच्याकडे कोणी बसवून शिकवत नसे. लेकरू चालायला लागलं की त्याला ते आपोआप यायचं.

माझा नवरा लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आला तेव्हाची गंमत टोलीत वर्षानुवर्षं सांगत. मी आधीच माहेरी आले होते. तो उशिरा पोचला, दाराशी येऊन एकदा हाक मारली आणि ओट्यावर बसून राहिला. आत माय, मी आणि भागरतामावशी श्वास धरून तिसरीची वाट बघतोय, आणि बाहेर जावई रुसलेला. शेवटी त्याला शिंक आली. हाकामारी शिंकत नाही, असं म्हणून मायनं दार उघडलं. तो रुसवा काढायला नवं धोतर आणि वर कोंबडा लागला. माय ते सांगताना हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची.

मायला दमा होता. जन्म पाण्यात गेलेला, त्याचं ते बक्षीस. पुढं पुढं तो इतका वाढला, की दोन हाका मारल्या की तिसरीच्या जागी नुसती शिट्टी वाजायची. मग तिनं तोड काढली. दोन हाका तोंडानं मारायची आणि तिसरी काठीनं, दारावर किंवा कुडावर ठोकून. बांबूची जाडजूड काठी होती, खालच्या टोकाला लोखंडी कडं बसवलेली. टोलीनंही ते मान्य केलं. कौतिकाची काठी वाजली, म्हणजे तिसरी हाक झाली.

भागरतामावशीच्या कुडावर ती काठी रोज संध्याकाळी वाजायची. त्या दोघी गंगाजल होत्या. आमच्या त्या भागात ही रीत आहे. दोन बाया गंगेचं पाणी एका लोट्यातून पितात आणि मैत्रीण होतात, सख्ख्या बहिणीहून जवळच्या. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, गंगाजल म्हणायचं. मी पाळण्यात असताना कोणी काशीहून पाणी आणलं होतं, ते या दोघी प्यायल्या. तेव्हापासून मायच्या तोंडून मी भागरता हे नाव कधी ऐकलं नाही, आणि कौतिका हे नाव मावशीच्या तोंडून.

विपरीत घडलं ते परसरामच्या वेळी. तो आमच्याच टोलीतला. एका संध्याकाळी माय त्याच्याकडे शिंगाडे द्यायला गेली. डोक्यावर टोपली, दोन्ही हात टोपलीला, त्यामुळे काठी घरी राहिलेली. तिनं दोन हाका मारल्या आणि धापा टाकत उभी राहिली. परसरामची बायको नको नको म्हणत होती, पण तो भुकेला होता, त्यानं ओ दिला आणि दार उघडलं. मायनं टोपली उतरवली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुझे डोळे पिवळे दिसतात, दवाखान्यात जा. तो गेला नाही. त्यानं कावीळ उतरवायची माळ घातली, जी रोग उतरेल तशी लांबत जाते म्हणतात, आणि माळ गुडघ्यापर्यंत लांबायच्या आत तो वारला.

मग सगळं जुळवलं गेलं. दोनच हाका. ओ दिला आणि गेला. आणि त्याला रोग आहे हे हिला आधीच कसं कळलं? परसरामचे दोघं धाकटे भाऊ, हरबा आणि सोविंदा, पुजाऱ्याकडे गेले, म्हणजे आमच्याकडच्या भगताकडे. पुजारी म्हणाला, तलावातल्या बाईला टोलीत घर मिळालं आहे. त्यानं नाव घेतलं नाही. पुजारी नावं घेत नसतातच, तेवढं काम ते लोकांवर सोडतात. टोलीनं मायचे शिंगाडे घ्यायचं बंद केलं, ती वाटेत दिसली की लेकरं घरात ओढली जाऊ लागली, आणि हरबानं भर पाळीवर सांगितलं की या जादूवालीला एक दिवस तलावातच पाठवतो.

मी तिला न्यायला गेले होते. चल म्हटलं, माझ्याकडे राहा. तर म्हणाली, "जावयाच्या दारात मी दोन हाका मारन आनि तो तिसरीची वाट पाहत बसन. मले इथंच राहू दे. गंगाजल हाय ना."

त्या वर्षी शेजारच्या गावात शंकरपट होता, बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री नाटक. आमच्याकडे नाटक म्हणजे रात्रभर. टोलीतली बरीचशी माणसं जेवणं उरकून ट्रॉलीत बसून गेली. हरबा आणि सोविंदाही त्याच ट्रॉलीत होते, आणि सोविंदा तर नाटकात तबल्याला होता. पहाटे सगळे परत आले तेव्हा माय कुडाच्या मागच्या बाजूला सापडली, जिकडं रात्री उजेड पोचत नव्हता.

ठाणेदारांचा हिशेब सरळ होता. संध्याकाळी टोली भरलेली होती. तेव्हा बाईवर हल्ला झाला असता तर ती ओरडली असती, आणि ओरडली असती तर कुडापलीकडच्या माणसाला ऐकू आलं असतं. कोणालाच हाक ऐकू आलेली नाही, म्हणजे हे रात्री झालं, टोली रिकामी आणि मागे उरलेले झोपेत असताना. रात्री ते दोघं भाऊ शेकडो लोकांसमोर बसले होते. डॉक्टरांनी कागदावर संध्याकाळ ते मध्यरात्र असं सैल लिहून दिलं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. ठाणेदार माणूस वाईट नव्हता. जाताना मला म्हणाला, "बाई, कोणी एकानं तरी काही ऐकलं असतं, तर मला धागा मिळाला असता."

तेरवीपर्यंत मी तिथंच राहिले. मला एवढंच हवं होतं, की माझ्या मायला कोणी मारलं ते कोणीतरी तोंडानं सांगावं. तिला चोर-दरोडेखोरानं मारलं नव्हतं, तिच्याकडे न्यायला होतं काय? आणि ती जादूवाली होती म्हणून तलावातल्या बाईनं तिला नेलं, असं टोली आपापसांत बोलू लागली होती. म्हणजे मायनं मरूनही तेच नाव घ्यायचं. मी घरोघरी गेले. पाया पडले. सगळे कळवळून बोलत, पाणी देत, पण हाक ऐकली का म्हटलं, की मान हलवत.

भागरतामावशी रोज भात-वरण घेऊन यायची, कारण सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत. मी ते ताट तिच्यासमोर कुत्र्याला घालायचे. ती बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

तेरवीच्या आदल्या सकाळी ती अशीच ताट घेऊन उभी असताना टोलीतला डोमाकाका पाळीवरून आला. त्याच्या जाळ्यात मायची काठी अडकली होती. शेवाळ लागलेली, पण कडं तसंच होतं. तो मला म्हणाला, पाळीच्या खाली, जिथं कौतिकाबाई डोंगा बांधायची तिथं सापडली. मी काठी हातात घेतली आणि मला रडू आलं.

मावशीच्या हातातलं ताट खाली गेलं.

"हे पान्यात होती?" तिनं विचारलं. "तुह्या मायजवळ नोती?"

"नाही. आता जाळ्यात आली."

ती होती तिथंच मातीत बसली. सांडलेल्या भातात तिचा हात पडला, तो तिनं उचलला नाही.

"मंग त्या दोन तिच्याच होत्या," ती म्हणाली.

"कोणत्या दोन?"

"हाका."

मला आधी वाटलं, तिचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मावशी, तू ठाणेदाराला सांगितलंस हाक आली नाही म्हणून."

"नाईच आली, बाई. दोन आल्या. तिसरी नाई आली."

ती माझ्याकडे अशी बघत होती, की यात न कळण्यासारखं काय आहे? आणि मी त्याच टोलीची, मला ते कळलं. आमच्याकडे हाक आली म्हणतात ते तिसरी आल्यावरच. तोवर जे येतं ते वारा, कोल्हा, भूत, काहीही असेल, त्याला हाक म्हणत नाहीत. मीसुद्धा जन्मभर तसंच म्हणत आले होते. टोलीत कोणी खोटं बोललेलं नव्हतं. ठाणेदारानं विचारलं हाक ऐकू आली का, आणि त्यांनी खरं तेच उत्तर दिलं.

"कधी आल्या?" मी विचारलं.

"दिवे लागले तवा. म्या चिमणी पेटवली आनि आली पयली. तुह्या मायचा आवाज. म्या कडीवर हात ठेवला. मंग दुसरी आली, बारीक. म्हनलं आता काठी वाजन, मंग उघडतो. काठी वाजलीच नाई, सायत्रा. लय वेळ हात कडीवर ठेवून उभी होती मी. मंग म्हनलं, बरं झालं उघडलं नाई, ते तलावातली तिचा आवाज घेऊन आली होती."

"तुझ्या नावानं मारली हाक?"

"नावानं नाई." तिनं तोंडावर पदर घेतला. "गंगाजल म्हनली."

मी काठी घट्ट धरून उभी होते. ती तिच्या पाठीत घालावी असं मला वाटलं, आणि घातली असती तर तिनं हात वर केला नसता. तलावाच्या पाळीवर मायला मागून मारलं होतं, तिची काठी पाण्यात गेली होती, आणि ती तशा अवस्थेत घराचा रस्ता सोडून गंगाजलच्या कुडापर्यंत आली होती. पलीकडे मैत्रीण कडीवर हात ठेवून उभी, अलीकडे ही, आणि मध्ये एक बांबूचा कुड. मी काठी खाली टाकली आणि मावशीला उठवलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी एसटीनं तालुक्याला गेलो. ठाणेदार ऐकता ऐकता खुर्चीतून उठला. दिवेलागणीला हरबा आणि सोविंदा कुठं होते हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, कारण त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेरवीच्या पंगती उठता उठता तो टोलीत आला, सगळ्यांना पिंपळाखाली जमवलं आणि पुन्हा विचारलं, "त्या संध्याकाळी हाक ऐकू आली का?"

सगळे म्हणाले, "नाई जी."

मी म्हटलं, साहेब, असं विचारू नका. दोन आल्या का विचारा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. मावशी एकटी हो म्हणत होती, बाकी टोली नाही म्हणत होती, आणि हरबा मागे उभा राहून विडी ओढत होता. हरबासमोर दोन म्हणायची कोणाची छाती नव्हती, आणि साहेबानं विचारलं त्याचं उत्तर तर देऊन झालं होतं. ठाणेदार वैतागून म्हणाला, "बाई, मी पंचनामा लिहितो, पोथी लिहीत नाही." आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

पुढचं आधीच सांगून टाकते. टोलीनं नंतर बयानं दिली. दोघा भावांना धरून नेलं, प्रकरण कोर्टात उभंही राहिलं. त्यांच्या वकिलानं एकेका साक्षीदाराला एवढंच विचारलं, की दोन हाका कोणाच्या असतात असं तुमच्या गावात मानतात? आणि माझ्या टोलीतली साधी माणसं, खोटं न बोलणारी, हात जोडून म्हणाली, हाकामारीच्या. भाऊ सुटले. सोविंदा पुढं दारूनं मेला, हरबा अजून आहे. मायला कोणी मारलं, या प्रश्नापुढं सरकारी कागदावर आजही काही लिहिलेलं नाही. आणि मला वाटतं, ती पहिली हाकामारीसुद्धा अशीच झाली असेल. दोन हाका मारून मेलेली कोणीतरी बाई, जिला टोलीनं नंतर भूत म्हटलं, कारण माणूस म्हटलं असतं तर दार का उघडलं नाही हे सांगावं लागलं असतं.

पण टोलीनं बयानं दिली ती तेरवीच्या संध्याकाळमुळे, आणि ती मला कोर्टापेक्षा जास्त आठवते.

ठाणेदार गेला, पाहुणे पांगले. माझा नवरा ओट्यावर सामान बांधत होता, सकाळी निघायचं होतं. दिवे लागायला आले. टोलीतली दारं रोजच्यासारखी एकेक करून बंद झाली. मी मायची काठी घेतली आणि भागरतामावशीच्या कुडाशी गेले, जिथं ती सापडली होती तिथं. शेणानं सारवून ती जागा आता स्वच्छ केलेली होती. कुडाच्या फटीतून चिमणीचा उजेड येत होता. माझा आवाज मायसारखा आहे असं सगळे म्हणायचे. दमा लागायच्या आधीच्या मायसारखा.

मी छाती भरून श्वास घेतला आणि एकदाच हाक मारली.

"गंगाजल!"

तलावावरून ती परत आली, इतकी मोठी मारली होती. मग काठी उचलून कुडावर ठोकली.

बाळंतिणीच्या घरात लेकरू रडत होतं, तेवढंच. मला वाटलं, ही तिसरी म्हणून कोणी धरणारच नाही, नवी पहिली समजतील आणि कड्या घट्ट करतील. पण ती पहिली नव्हती. त्या टोलीत प्रत्येकाच्या कानात दोन आधीच पडून होत्या.

पांडू म्हाताऱ्याच्या घरातून आवाज आला, "ओ." त्याची कडी निघाली. त्याच्या सुनेनं आतून ओ दिला. बाळंतीण लेकरू कडेवर घेऊन दारात आली. डोमाकाका आला. टोलीतलं एकेक दार उघडत गेलं आणि माणसं हातात चिमण्या घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली, ओ म्हणत. हरबाचं घर तेवढं बंद राहिलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि उंबऱ्याच्या बाहेरही कोणी पाऊल टाकलं नाही.

सगळ्यात शेवटी भागरतामावशीची कडी निघाली.

"ओ," ती म्हणाली. "आली वो गंगाजल, आली."

चिमणीवर हाताचा आडोसा धरून ती कुडाला वळसा घालून आली. मी तिथं उभी होते, पण ती माझ्यापर्यंत आली नाही. चिमणी खाली धरून ती सारवलेल्या जमिनीकडे वाकली आणि उठवायला हात पुढं केला.